खुर्चीच्या पाठीचं बटण

सरिता भोये चौदा वर्षांत सहाशेच्या वर लग्नांना गेली असेल, पण नवरी तिला क्वचितच दिसली. ती मांडवात असते, स्टेजवर असते, नवरा-नवरीच्या सोफ्यापासून पंचवीस-तीस फुटांवर असते. पण बसते ती प्लायवूडच्या काळ्या आडोशामागे, एका पाटावर. आडोसा तीन बाजूंनी बंद आणि कमरेएवढा उंच. आतून तिला दिसतात खुर्चीचे चार पाय, आडव्या ठेवलेल्या दोन कुबड्या, तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या मांडीवरची गिटार, आणि समोर जमिनीवर ठेवलेली लोखंडी पाटी. पाटीवर आठ बटणं आणि पायाने दाबायची एक पट्टी. हिला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. ऑर्केस्ट्रातले सगळे तिला प्रोसेसर म्हणतात. गिटारचा आवाज तारेतून या पाटीत शिरतो आणि दाबलेल्या बटणाप्रमाणे कधी सनईसारखा, कधी विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत, कधी ट्रकच्या इंजिनासारखा गुरगुरत बाहेर पडतो.

इतर गिटारवाले ही बटणं पायाने दाबतात. सरिताचा नवरा दत्तू याला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पेठ तालुक्यातल्या आपल्या गावाहून तो नाशिकच्या अपंगांच्या वसतिगृहात आला, तिथे गिटार शिकला आणि शेखरभाऊंच्या ऑर्केस्ट्रात लागला. हात असा की जुने वादकही मान डोलावत. शेखरभाऊंनी प्रोसेसर आणला तेव्हा बटणं दाबायला आधी टेंपोच्या ड्रायव्हरला बसवलं. तो नेमका वेळ चुकवायचा. एकदा डबा घेऊन आलेली सरिता मागे उभी होती. ड्रायव्हर चहाला गेला आणि दत्तूने श्वास आत घेतल्याबरोबर तिने वाकून बटण दाबलं. कोणतं दाबायचं हे तिने घरी पन्नास वेळा ऐकलं होतं. गाणं बरोबर वळलं. त्या दिवसापासून ती तिथेच बसली.

सुरुवातीला शेखरभाऊंनी तिला काळी साडी नेसायला सांगितली होती, म्हणजे मागच्या काळ्या पडद्यात ती दिसू नये. पिंपळगावच्या एका लग्नात वरमाई थेट स्टेजपाशी आली आणि म्हणाली, "शुभकार्यात ही काळं नेसून कोण बसवलीय?" पुढच्या लग्नाला साडी गेली आणि आडोसा आला.

केबली सारख्या तुटतात. स्टेजवर माणसं त्यांवर पाय देतात, टेंपोत त्यांवर पेट्या ठेवतात. दुरुस्तीसाठी दर वेळी पंचवटीतल्या गोटीराम रेडिओवाल्याकडे धावण्यापेक्षा सरिताने त्याच्याचकडून सोल्डरिंग, म्हणजे तारांना डाख देणं, शिकून घेतलं. गोटीराम म्हातारा होता आणि फारसा बोलत नसे. तिचा पहिला सांधा त्याने चिमट्याने उपटून टाकला, दुसराही, तिसराही. विसावा तसाच ठेवला.

याच सोल्डरिंगमुळे ऑक्टोबरात एक गोष्ट घडली. अंबडच्या एका कंपनीत यंत्रांच्या पॅनेलचं वायरिंग करायला बायका हव्या होत्या. पेठ रोडच्या समाजमंदिरात कंपनीच्या स्नेहल मॅडमनी चाचणी घेतली. सरिता शेजारणीबरोबर नुसती बघायला गेली होती. मॅडमनी तिच्याही हातात सोल्डरिंग गन दिली. तिचे सांधे भिंगाखाली धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कुठे शिकलात हे?"

"लग्नांत," सरिता म्हणाली.

मॅडम हसल्या, पण तिचं नाव यादीत पहिलं लिहिलं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. जागा फक्त दुसऱ्या पाळीत होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. कंपनीची बस आरटीओ कॉर्नरला सव्वादोनला येणार आणि रात्री तिथेच सोडणार. बसायला खुर्ची, डोक्यावर उजेड, गळ्यात स्वतःच्या नावाचं ओळखपत्र. सरिताने घरी येऊन हे सगळं एका दमात सांगितलं. दत्तू गिटारची तार ओढत होता.

"जा ना," तो म्हणाला. "मी काय बांधून ठेवलंय व्हय?"

"मग सांगू त्यांना?"

"सांग. बटणं तेवढी कोण दाबणार, ते बी सांगून जा."

लग्नाची तिथी म्हटली की संध्याकाळ आली, आणि दुसरी पाळी म्हटली की तीच संध्याकाळ. सरिताने मॅडमना होकार कळवला आणि दत्तूच्या प्रश्नाचं उत्तर ती शोधायला लागली.

ते शोधायची संधी शेखरभाऊंनी आणलेल्या एका धुडामुळे मिळाली. आजकालच्या नवरदेवांच्या मित्रांना नुसती सनई नको असते. छाती हलली पाहिजे. म्हणून भाऊंनी मुंबईहून एक वापरलेला अँप्लिफायर आणला. हाय-गेन, म्हणजे तारेला नखाने स्पर्श केला तरी गर्जना करणारा. आत काचेच्या नळ्या तापून लाल होत. चार माणसांनी तो मखमलाबाद रोडवरच्या तालमीच्या गाळ्यात उतरवला. दत्तूने नेहमीसारखी गिटार प्रोसेसरात लावली, प्रोसेसरची केबल अँपच्या पुढच्या भोकात खुपसली, आणि सरिताने पहिलं बटण दाबलं.

जो आवाज निघाला त्याला सूर कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हेच कळेना. सनईचं बटण दाबलं तरी तेच, घुमणाऱ्या आवाजाचं दाबलं तरी तेच. हात तारांवरून काढला की अँप शिट्टी मारायचा.

शेखरभाऊ कानांवर हात ठेवून म्हणाले, "दत्तू, गिटार वाजवतोस का दळण दळतोस?"

"मी वाजवतो तेच हाय, भाऊ. पेटीच तुमची वेडी हाय."

"पेटी वेडी नाही. तिलाही दोन बटणं आहेत, वेगळी. साधा आवाज आणि मोठा आवाज. ती पण वहिनींनीच दाबायची. आता त्यांना आणखी दोन हात लावून घ्यावे लागतील."

सगळे हसले. सरिताही हसली. पण तिच्या मनात त्या दोन बटणांचा हिशोब निराळाच चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी गाळ्यावर गेली आणि अँपची मागची बाजू उजेडाकडे वळवली. मागे आणखी भोकं होती. एकाखाली सेंड लिहिलं होतं, दुसऱ्याखाली रिटर्न. प्रोसेसरच्याही मागे हीच दोन नावं होती. चौदा वर्षं तिने त्यांवरची धूळ पुसली होती. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. ती दहावीपर्यंत शिकलेली. वाक्यं तिने सोडून दिली आणि नुसत्या आकृत्या पाहिल्या. बाण कुठून कुठे जातो ते बोटाने गिरवत गेली.

तासाभराने तिच्या लक्षात आलं की चूक क्रमाची होती. घुमण्याचा आवाज प्रोसेसर आधी तयार करत होता आणि अँप त्या घुमण्यालाही धरून गर्जना करत होता. आधी कोथिंबीर घालून मग डाळ शिजवली तर जे होईल, तेच झालं होतं. गर्जना आधी व्हायला हवी, घुमणं त्यावर शेवटी पडायला हवं. त्यासाठी एक केबल पुरायची नाही, चार लागतील. गिटारची प्रोसेसरात, प्रोसेसरच्या अर्ध्या वाटेवरून बाहेर निघून अँपच्या पुढच्या तोंडात, अँपने गर्जना केली की सेंडमधून परत प्रोसेसरात, आणि तिथून घुमून शेवटी अँपच्या रिटर्नमध्ये. शिवाय प्रोसेसरात आधीपासून भरलेल्या खोट्या गर्जना बंद करायच्या, नाहीतर तिखटावर तिखट.

चार केबली तिने दोन दिवसांत बनवल्या. जोडल्यावर बारीक घुंऽऽ असा आवाज येत राहिला. प्रोसेसर आणि अँप एकाच विजेच्या बोर्डावर लावल्यावर तोही गेला. मग तिने पाचवी केबल जोडली. ही आवाजाची नव्हती, हुकमाची होती. प्रोसेसरवर बटण बदललं की या केबलीतून अँपला कळायचं, आता साधा आवाज, आता मोठा. म्हणजे दोन यंत्रांची दहा बटणं मिळून एकच दाब उरला.

एकच दाब उरला, तर तो पायानेच द्यायला हवा असं थोडंच होतं?

दत्तूचे दोन्ही हात गिटारवर असतात. पाय चालत नाहीत. पण पाठ मोकळी असते. सरिताने दारावरच्या घंटीचं एक बटण आणलं, त्याला केबल सोल्डर केली आणि ते दत्तूच्या खुर्चीच्या पाठीला, उजव्या खांद्याखाली, स्क्रूने बसवलं. केबलीचं टोक प्रोसेसरच्या बाहेरच्या स्विचच्या भोकात. मागे टेकलं की पुढचा आवाज. पुन्हा टेकलं की त्याच्या पुढचा. येत्या शनिवारच्या संगीताच्या कार्यक्रमाची यादी मुलाकडच्यांनी पक्की करून दिली होती. फर्माइशी नाहीत, चौदा गाणी. चौदा गाण्यांत एकतीस वेळा आवाज बदलतो, हे तिला तोंडपाठ होतं. तिने एकतीस आवाज त्याच क्रमाने भरले.

तालमीत दत्तू टेकला आणि सनई वाजली. टेकला आणि अँप गरजला, पण असा की गर्जनेतही एकेक सूर सुटा ऐकू यावा. शेखरभाऊ दारात उभे राहून ऐकत होते.

"वहिनी, तुम्ही तर स्वतःचीच नोकरी घालवलीत," ते म्हणाले.

"दुसरी हाय, भाऊ."

दत्तूने एकतीसही बदल पार केले. एकही चुकला नाही. शेवटी त्याने गिटार खाली ठेवली.

"कसं वाटलं?" सरिताने विचारलं.

"बरं झालंय," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मध्येच काय झालं तर?"

"काय व्हईल?"

"काय नाय. चहा सांग."

शनिवारी संध्याकाळी आडोसा आणि पाट पहिल्यांदाच टेंपोत राहिले. सरिता डाळिंबी साडी नेसली होती. लॉन्सवर माणसं भरली तशी ती चौथ्या रांगेत, खुर्चीच्या गादीवर, पदर सावरून बसली. नवरी तिला इतकी सरळ समोर दिसत होती की मेंदी कोपरापर्यंत आहे हेही कळत होतं. पहिलं गाणं सुरू झालं. ठरल्या जागी दत्तू मागे टेकला, आवाज वळला. सरिताच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप दाबली गेली. दुसऱ्या गाण्याला तीन बदल होते, तिन्ही साधले. तिने हाताची घडी घातली.

शेजारी नवरीची कुणी मावशी बसली होती. कळवणची. तिने विचारलं, "तुम्ही मुलीकडच्या का मुलाकडच्या?"

"मी गिटारवाल्याकडची," सरिता म्हणाली.

मावशी मोठ्याने हसली, तिच्या हातावर चापट मारली आणि आपल्या बशीतली कचोरी तिच्यापुढे केली. सरितालाही हसू आवरेना. कचोरी तोंडात घालताना तिने वर पाहिलं. दत्तू तिच्याकडेच बघत होता.

तिसरं गाणं हळू सुरू होऊन मध्यावर फुटणारं होतं. त्यासाठीच अँप आणला होता. नवरदेवाचे मित्र स्टेजपुढे जमले, हात वर करून तयार उभे राहिले. ड्रमवाल्याने चार ठोके दिले. गर्जना आली नाही. दत्तूच्या गिटारमधून तोच बारीक, मऊ आवाज निघत राहिला. मित्रांनी हात वर तसेच धरून एकमेकांकडे पाहिलं. एकाने शिट्टी घातली.

सरिता बसल्या जागी पुढे झुकली. केबल सुटली का? नाही, प्रोसेसरचा हिरवा दिवा इथूनही दिसत होता. मग तिने खुर्चीकडे पाहिलं. दत्तू ताठ बसला होता, फोटोला बसावं तसा. त्याची पाठ आणि खुर्चीची पाठ यांत चार बोटांचं अंतर होतं आणि त्या फटीतून मागच्या दिव्याचा पिवळा उजेड येत होता.

शेखरभाऊंनी लांबून खुणेने विचारलं, काय झालं? दत्तूने मान हलवली. चालत नाही.

भाऊंनी माइक घेतला. चौदा वर्षांत माइकवर तिचं नाव कधी आलं नव्हतं. "सरिता वहिनी," ते म्हणाले, "जिथे असाल तिथून जरा स्टेजवर या."

चार-पाचशे माणसांनी माना वळवल्या. मावशीने बशी बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. सरिता पायऱ्या चढली, स्टेजच्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि हाताने बटण दाबलं. अँप गरजला, मित्रांनी आरडाओरडा केला, गाणं सुरू राहिलं. पाट नव्हता, आडोसा नव्हता. डाळिंबी साडीतली एक बाई खाली बसून नवऱ्याच्या पायांशी बटणं दाबते आहे, याचे दोघा-तिघांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले. उरलेली अकरा गाणी ती तशीच बसून होती. दत्तूने तिच्याकडे पाहिलं नाही, पण श्वास मात्र नेहमीसारखा, बदलाच्या आधी, आत घेत राहिला.

सामान भरताना शेखरभाऊ जवळ आले. ते चिडलेले नव्हते, म्हणून जास्त अवघड झालं.

"वहिनी, तुम्ही मेहनत केलीत, मला दिसतंय. पण पुढच्या आठवड्यातल्या रविवारी विंचूरला वाईन पार्कात कार्यक्रम आहे. तिथे हे मला परवडणार नाही. दोघं येणार असाल तर या. दत्तू एकटा असेल तर मला दुसरा गिटारवाला बघावा लागेल. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

दत्तू खुर्चीत बसून एक केबल गुंडाळत होता. केबली गुंडाळणं त्याचं काम नव्हतं. त्याने ती दोनदा गुंडाळली आणि दोनदा सोडली.

रविवारी सकाळी सरिताने घरात प्रोसेसर लावला, हेडफोन कानाला घातला आणि खुर्चीच्या पाठीवरचं बटण तळहाताने दाबलं. एकतीस वेळा दाबलं. दत्तू कॉटवर बसून बघत होता.

"चालतंय?" त्याने विचारलं.

"चालतंय."

"काल नाय चाललं."

"तुम्ही टेकलाच नाय."

"पाठ अवघडली होती."

"पहिल्या दोन गाण्यांना नव्हती अवघडली."

बाहेर कुणीतरी पाण्याच्या मोटरचं बटण लावलं आणि भिंत थरथरायला लागली. थोड्या वेळाने ती थांबली.

"तू त्या बाईसंगं हसत होतीस," दत्तू म्हणाला. "मला दिसलं वरून. हसू दे, त्याचं नाय काय. पण मला वाटलं, ही आता तिकडचीच झाली. आन् मी इथं वरती. मला खाली उतरायला बी माणूस लागतं, सरू."

"म्हणून मला वर वढली."

"ते ठरवून नाय केलं. पाठच मागं जाईना."

सरिताने हेडफोन काढून ठेवला. तिला ओरडायचं होतं; पण खोली दहा बाय बाराची होती आणि ओरडणं त्याच्याशिवाय कुणाला लागणारही नव्हतं. "भाऊला फोन लावा," ती म्हणाली. "सांगा बटण चांगलं हाय म्हणून."

दत्तूने फोन उचलला. नाव काढलं. अंगठा तसाच वर धरून बसला.

"काय सांगू?" त्याने विचारलं. "बटण चांगलं हाय, मीच दाबलं नाय, असं? मग तर ते आपल्याला दोघांना मिळून बी घ्यायचे नाय."

हे खरं होतं. सरिताने ते दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. दत्तू खरं बोलला तर त्याचं काम जातं. खोटं राहिलं तर काम राहतं, पण ती त्याच्या शेजारी बसली तरच. विंचूरचा रविवार त्याने एकट्याने वाजवून दाखवला असता तर गोष्ट वेगळी. पण एकट्याला आता स्टेजवर चढूच देणार नव्हते, आणि चढलाच तर पाठ मागे जाईल याची खात्री त्याला स्वतःलाही नव्हती. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि फळीवर ठेवला.

सोमवारी सकाळी दहाला स्नेहल मॅडमचा फोन आला. "सरिताताई, बस सव्वादोनला. ओळखपत्रासाठी दोन फोटो आणा बरं का."

"मॅडम, मला नाही जमणार."

"अहो, असं कसं? काय झालं?"

दत्तू उंबऱ्याशी बसून तारा बदलत होता. त्याची बोटं थांबली.

"संध्याकाळी आमच्या मालकांपाशी कुणीतरी लागतं," सरिता म्हणाली. "त्यांचं एकट्याचं भागावं म्हणून मी एक बटण केलं होतं. ते ऐन कार्यक्रमात चाललं नाही."

"तुम्ही केलेलं? तुमचं सोल्डरिंग सुटलं?" मॅडमच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "माझा विश्वास नाही बसत. मी स्वतः भिंगाखाली बघितलंय तुमचं काम."

सरिताने खुर्चीच्या पाठीवरच्या बटणाकडे पाहिलं. सांधा गुळगुळीत होता, चकचकीत, गोटीरामने उपटला नसता असा.

"हो मॅडम," ती म्हणाली. "सुटलं."

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मी यादीतल्या पुढच्या नावाला फोन करते.